साहेब, दहा पावलं मागं व्हा

मी बेंबळीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. चित्रकलेच्या शिक्षकाची शाळेत काय किंमत असते हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. गणिताचे सर रजेवर असले की त्यांचा तास मला मिळतो, आणि मी रजेवर असलो की माझा तासही गणितालाच जातो. सव्वीस जानेवारीची रांगोळी, निरोप समारंभाचा फळा, मतदान केंद्रावर आत कुठून जायचं ते दाखवणारा बाण, ही सगळी माझी खाती. उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हा शाळेतल्या पाट्या, कपाटं, पाण्याची टाकी आणि बाकांच्या पाठी यांच्यावरचं जिल्ह्याचं नाव बदलायचं काम माझ्याकडं आलं. ते महिनाभर चाललं. त्या महिन्यात माझी जेवढी विचारपूस झाली तेवढी एरवी कधी झाली नाही.

ठिपक्यांचा नाद मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. धाराशिवला मी चित्रकला शिक्षकाचा कोर्स करत होतो. आम्हाला शिकवणारे सर निवृत्तीला आले होते आणि त्यांच्याकडं युरोपातल्या चित्रकलेचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते पुस्तक सर कुणाच्या हातात देत नसत, स्वतः पानं उलटून दाखवत. एका दुपारी त्यांनी एक पान उघडलं. नदीकाठ, सुट्टीचा दिवस, उंच टोप्या घातलेले पुरुष, छत्र्या घेतलेल्या बायका, एकीच्या हातात दोरीला बांधलेलं माकड. फोटोवाल्यानं हलू नका म्हणून सांगितल्यासारखी सगळी माणसं गप्प उभी. सर म्हणाले, हे चित्र फ्रान्समधल्या एका तरुण पोरानं ठिपक्या-ठिपक्यांनी काढलंय, त्याला दोन वर्षं लागली. तो रंग कालवायच्या पाटीवर कालवत नसे. निळ्याशेजारी पिवळा ठिपका ठेवून द्यायचा आणि मागं व्हायचं. लांब उभ्या राहिलेल्या माणसाचा डोळा आपणच त्याचा हिरवा करून घेतो. लोक त्याला हसले. तिशी ओलांडली न ओलांडली तोच तो गेला, आणि मग निम्मा युरोप ठिपके काढत बसला.

वर्गातल्या एकानं विचारलं की हे परीक्षेला येतं का. सर नाही म्हणाल्यावर सगळ्यांनी वह्या मिटल्या.

माझी वही उघडीच राहिली. मी सरांच्या मागं लागून ते पुस्तक दोन दिवसांसाठी घरी नेलं. चित्र तळहाताएवढं होतं आणि छपाई इतकी वाईट की त्यात एकही ठिपका दिसत नव्हता. तरी मी सरांच्या शब्दावर विश्वास ठेवला. मूळ चित्र मी आजपर्यंत पाहिलेलं नाही, पाहीन असंही वाटत नाही. पण हातात चांगला मोबाईल आल्यावर त्या चित्रकाराची सगळी चित्रं मी दोन बोटांनी मोठी करून करून पाहिली. पाण्याकाठी बसलेले कामगार, सर्कशीतला घोडा, समुद्राकाठचे कडे. त्याच्या गवतात निळा असतो, पिवळा असतो, नारिंगीसुद्धा असतो, आणि सावली तो काळ्यानं काढतच नाही. सावलीत जांभळा, निळा, कुठं गुलाबीही.

त्यामुळं माझं एक नुकसान झालं. धाराशिवहून बेंबळीला एसटीनं जाताना जी काळी माती जन्मभर पाहिली ती काळी दिसेनाशी झाली. नांगरलेल्या रानात दुपारच्या वेळी चक्क जांभळं असतं, ढेकळाच्या कडेला तांबूस. एकदा न राहवून मी शेजारच्या पॅसेंजरला ते दाखवलं. त्यानं मातीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, गुरुजी, तुमी जरा आतल्या बाजूला बसा, ऊन लागतंय तुमाला.

घरी वेगळी तऱ्हा नव्हती. दारातल्या लिंबाच्या झाडाचं पहिलं चित्र मी चार महिने काढलं आणि बायकोला दाखवलं. तिनं ते नीट, मनापासून पाहिलं आणि विचारलं, पूर्ण कधी होणार? ते पूर्ण झालेलं होतं.

अशी बरीच वर्षं गेली. मग आमच्या संस्थेच्या अध्यक्षांची एकसष्टी आली.

अध्यक्षांना सगळे साहेब म्हणत. संस्था त्यांच्या वडिलांनी काढली आणि साहेबांनी वाढवली. ते तीस वर्षं अध्यक्ष होते. अलीकडं त्यांचा पुतण्या लोकांत मिसळू लागला होता आणि काकांनी आता जरा विश्रांती घ्यावी असं चहाच्या टपरीवर बोलू लागला होता. मुख्याध्यापक या दोघांकडंही सारख्याच अदबीनं बघत. त्यांनी मला बोलावून सांगितलं की साहेबांचं एक मोठं तैलचित्र करायचं, समारंभात त्याचं अनावरण होईल.

मी त्यांना ठिपक्यांची पद्धत समजावून सांगितली. रंग मी कालवणार नाही, बघणाऱ्याचा डोळाच कालवेल, असं म्हणालो. मुख्याध्यापक म्हणाले, "सगळं बघणाऱ्यानंच करायचं तर मग तुमी काय करणार?"

मी केलं. पाच महिने केलं. साहेबांचा रंग सावळा. तो मी नारिंगी, हिरवा, विटकरी आणि निळा असे ठिपके शेजारी-शेजारी ठेवून उभा केला. मिशीत जांभळा घातला. फेट्याला तर मी इतका जीव लावला की बायको म्हणाली, स्वतःच्या लग्नातल्या फेट्याकडं बघितलं नव्हतंत एवढं. चित्र भिंतीला टेकवून मी मागं मागं अंगणाच्या फाटकापर्यंत जायचो आणि तिथून साहेब माझ्याकडं अगदी आहेत तसे बघायचे. थोडे दमलेले, थोडे संशयी.

समारंभ शाळेच्या मैदानावर होता. स्टेज मंडपवाल्याचं, रुंद पण खोलीला दहा-बारा फूट. त्यावर खुर्च्यांच्या दोन रांगा, हारांचं टेबल आणि एका बाजूला पडद्याआड चित्र. मी आदल्या दिवशीच म्हणालो होतो की चित्र मैदानाच्या पलीकडच्या टोकाला लावा. मुख्याध्यापक म्हणाले, साहेब इकडं आणि चित्र तिकडं, लोकांनी पाठ कुणाकडं करायची?

साहेबांनी दोरी ओढली. पडदा पडला. साहेब चित्रापासून दोन फुटांवर उभे होते. त्यांच्या मागं मान्यवर, आणि मान्यवरांचे मोबाईल धरलेले हात साहेबांच्या खांद्यावरून पुढं आलेले.

टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच थांबल्या. साहेब चित्राकडं बघत होते. गालावर हिरवे ठिपके, कपाळावर निळे, नाकावर लाल. संस्थेचे एक सदस्य डॉक्टर आहेत, ते हळूच म्हणाले की गोवर असा नसतो, पण कांजण्या असू शकतात. साहेब माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, आमच्या तोंडावर ह्ये काय उठलंय?"

मला उत्तर ठाऊक होतं. वीस वर्षं तेच एक उत्तर मला ठाऊक होतं. मी पुढं झालो आणि घाईनं म्हणालो, "साहेब, दहा पावलं मागं व्हा."

माईक चालू होता. साहेबांसमोरच होता. कर्णे शाळेच्या गच्चीवर लावलेले होते, त्यामुळं साहेबांनी दहा पावलं मागं व्हावं ही माझी सूचना मैदानानं ऐकली, बाजारानं ऐकली आणि असं कळलं की स्टँडवर थांबलेल्या गाडीतल्या लोकांनीही ऐकली. मैदानात कोपऱ्यातून टाळी आली. ती पुतण्याच्या बाजूची होती. मग तिथून पुष्कळ टाळ्या आल्या. साहेबांच्या माणसांनी स्टेजची खोली नजरेनं मोजली. दहा पावलं मागं गेले असते तर साहेब स्टेजवरून खाली पडले असते, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते माझ्याकडं बघू लागले.

चित्रावर पुन्हा पडदा टाकण्यात आला. सत्काराची भाषणं झाली. प्रत्येक वक्त्यानं साहेबांनी पुढंच राहावं असं निदान दोनदा म्हटलं. मी मंडपाच्या खांबाला टेकून उभा होतो आणि मला खरं सांगायचं तर भीतीपेक्षा चित्राचंच वाईट वाटत होतं. त्याच्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मला नोटीस आली. भर समारंभात माननीय अध्यक्षांना मागे होण्यास सांगून संस्थेच्या नेतृत्वाविषयी संभ्रम निर्माण केल्याबद्दल आपणावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा करावा. मी तीन पानी खुलासा लिहिला. त्यात डोळा कसा काम करतो ते लिहिलं, शेजारी-शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे उजळतात ते लिहिलं, आणि फ्रान्समधल्या त्या तरुणाच्या चित्रांना लोक सुरुवातीला हसले होते हेही लिहिलं. मुख्याध्यापकांनी तो वाचला. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, एवढं कशाला लिहिता, नजरचुकीनं झालं म्हणा आणि मोकळं व्हा. एका अर्थानं ते खरंच होतं, म्हणून मी तसं लिहून सही केली.

चित्र खेळाच्या सामानाच्या खोलीत गेलं. स्टाफरूममध्ये मला काही दिवस फारसं कुणी चहाला बोलावलं नाही. ज्यांनी बोलावलं त्यांना मी पुतण्याच्या गटात गेलोय असं वाटत होतं, आणि ते दबक्या आवाजात माझं अभिनंदन करत होते.

महिन्याभरानं साहेबांचा निरोप आला. चित्राची चौकट सागवानी होती आणि ती साहेबांनी स्वतः करून दिली होती. तिच्यात आता एकसष्टीचा फोटो बसवायचा होता. चौकट घेऊन या आणि आतलं तुमचं तुम्ही ठेवा, असं त्यांनी कळवलं. चौकट खिळ्यांनी इतकी पक्की ठोकलेली की शाळेत निघेना. मी चित्रासकट ती छोट्या टेंपोत घातली आणि साहेबांच्या घरी गेलो.

घर गावाच्या कडेला, नवीन स्लॅबचं. पुढं ओसरी, मधे मोठं अंगण आणि समोरच्या बाजूला गोठा. ओसरीवर बाजेवर साहेबांच्या आई बसल्या होत्या. नव्वदीच्या घरात असतील. मोतीबिंदूनं डोळे धुरकट झालेले. साहेब खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी मला बसा असं म्हटलं नाही, पकड कुठं आहे ते तेवढं सांगितलं. मी चित्र बाजेशेजारी भिंतीला टेकवलं आणि पकड आणायला वळलो.

मागून म्हातारीचा आवाज आला, "आरं, तू तिकडं खुर्चीत हायस, मग ह्यो हितं कोन बसलाय?"

साहेबांनी पेपर खाली केला.

म्हातारी चित्राकडं बघत होत्या. अगदी हातभर अंतरावरून. मोतीबिंदूनं त्यांच्या नजरेला सगळंच फुटलेलं, पसरलेलं दिसत असणार. जे माझ्या चित्रात दहा पावलांवर घडत होतं ते त्यांच्या डोळ्यांत जागीच घडत होतं. त्यांनी हात लावून पाहिला. हाताला कापड लागलं तेव्हा त्यांना कळलं की चित्र आहे.

"तुझंच हाय की," त्या साहेबांना म्हणाल्या. "पर डोळं तुझ्या बापाचं काढल्यात. त्यो असाच बघायचा, कुनी कायतरी मागाया आल्यावानी."

साहेब उठले, चित्राजवळ आले, पुन्हा त्यांना ठिपकेच दिसले असावेत. मग त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि कुणी न सांगता मागं सरकू लागले. ओसरीच्या पायऱ्या उलट्या पावली उतरले, अंगणात गेले, तुळशीच्या पुढं गेले. गोठ्याच्या दारात म्हशीच्या तोंडाला पाठ लागली तेव्हा थांबले. तिथं ते बराच वेळ उभे होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, ऊन माझ्या डोळ्यांवर येत होतं. परत आले तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते, पण तिथं भुस्सा उडत होता, त्यामुळं मी खात्रीनं काही सांगत नाही.

"चौकट ऱ्हाऊ द्या," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ठिपक्यांचे दिवस पालटले. नोटीस तोंडी मागं घेण्यात आली. चित्रात काहीतरी वेगळं आहे हे पहिल्यापासूनच जाणवलं होतं, असं डॉक्टर सदस्यांनी मला भेटून सांगितलं. मुख्याध्यापकांनी ठिपक्यांचा उपक्रम जाहीर केला आणि त्याला नाव काय द्यावं यासाठी तीन सभा घेतल्या. पाचवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं साहेबांचं ठिपकाचित्र काढावं असं ठरलं. गणिताचे तास चित्रकलेला मिळाले. पोरांनी पाच बॉलपेन रबरानं एकत्र बांधून एका दणक्यात पाच ठिपके काढायची युक्ती शोधली, आणि त्या फ्रेंच चित्रकाराला ती माहीत असती तर त्याचं आयुष्य बरंच सोपं झालं असतं. आठवड्यात शाळेच्या सगळ्या भिंतींवर साहेब लागले. काही सहावीच्या वर्गातले तर खरोखरच कांजण्यांचे होते.

मी मुलांना पुन्हा पुन्हा सांगत होतो की मुद्दा ठिपक्याचा नाही, बघण्याचा आहे, बाहेर जा, सावली कुठल्या रंगाची आहे ते बघा. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मुलं बाहेर गेली तर तपासणीच्या वेळी वर्गात कोण बसणार.

तपासणीला वरिष्ठ अधिकारी आले. त्यांना सगळं आवडलं. त्यांनी विचारलं की मूळ चित्रात एकूण ठिपके किती. मी म्हणालो, मोजले नाहीत. अहवालात रकाना होता, म्हणून त्यांनी विचार करून स्वतःच एक आकडा टाकला.

मग साहेबांच्या माणसांनी चित्राचा फोटो धाराशिवला फ्लेक्सवाल्याकडं दिला. मला तो फ्लेक्स स्टँडसमोर दिसला, दोन मजली उंच. चेहरा गुळगुळीत, लोण्यासारखा, साहेब तिशीतले. मी तडक दुकानात गेलो. दुकानदार खूश होऊन म्हणाला, "सर, फोटोत तोंडावर लई दाणे आलते. दोन तास बसून सगळे साफ केले."

त्यानं मला चहा पाजला आणि छपाईच्या मशिनजवळ नेऊन भिंग दिलं. भिंगातून बघितलं तर साहेबांच्या गुळगुळीत गालात निळे, गुलाबी, पिवळे, काळे असे बारीक ठिपकेच ठिपके होते. दुकानदार म्हणाला, मशिन असंच छापतंय, रंग कालवत न्हाय, जवळजवळ टाकतंय, लांबून डोळ्याला एक दिसतंय. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी बाहेर येऊन चौकातले सगळे फ्लेक्स पाहिले. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली. सगळीकडं ठिपके होते आणि त्यातलं एकही तोंड कुणी जांभळ्या सावलीत ठेवलेलं नव्हतं.

दरम्यान साहेबांना एक गोष्ट लागून राहिली होती. माय इतकी आंधळी झालीय हे त्या दिवशी त्यांच्या पहिल्यांदा नीट लक्षात आलं होतं. शाळा, पतसंस्था, सत्कार यांच्यात ते राहून गेलं होतं. त्यांनी आईंना स्वतः गाडीत घालून नेलं आणि दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून आणलं.

पट्टी काढल्यावर पंधरा दिवसांनी मला पुन्हा बोलावणं आलं. मी गेलो तर म्हातारी काळा चष्मा लावून बाजेवर बसलेल्या. नव्या नजरेनं त्यांनी आधी सून पाहिली, मग साहेबांना जवळ बोलावून त्यांचं तोंड हातात धरून पाहिलं आणि म्हणाल्या होत्या, लई म्हातारा झालास रं, मला कुनी सांगितलं न्हाय. आणि मग चित्र पाहिलं होतं.

"गुरुजी," त्या मला म्हणाल्या, "चांगलं हुतं की वं. मग असं खराब का केलं?"

साहेब माझ्याकडं बघत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं, आणि मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होतो. मी आईंना समजावून सांगितलं, की चित्र तेच आहे, नजर बदलली, आता ते लांबून बघावं लागेल. त्या म्हणाल्या, मला बाजेवरून उठवत न्हाय, मी लांब कुठं जाऊ, त्यालाच लांब न्या.

त्याला लांब नेण्यासारखी बाजेसमोर एकच भिंत होती, गोठ्याची. मुख्याध्यापकांना हे कळलं तेव्हा ते घाबरून आले. साहेबांचं तैलचित्र गोठ्यावर, लोक काय म्हणतील, पुतण्याकडचे काय म्हणतील, असं त्यांनी पुष्कळ सांगितलं. साहेब म्हणाले, मायला दिसतंय नव्हं, मग बास. चित्र गोठ्याच्या भिंतीला लागलं, वर पत्र्याचं छोटं छप्पर करून. पुतण्याकडच्यांनी जे म्हणायचं ते म्हटलंच. पुढं निवडणूक झाली आणि साहेब स्वतःहून अध्यक्षपदावरून बाजूला झाले. माझ्यामुळं झाले असं गावात बोलतात. मला तसं वाटत नाही, पण मी ते नाकारतही नाही, कारण नवीन अध्यक्ष, म्हणजे तो पुतण्या, मला मान देतात.

उपक्रम त्याच वर्षी बंद पडला आणि गणिताचे तास गणिताला परत गेले.

गोठ्याच्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं. दोन उन्हाळ्यांत गालावरचे बरेच लाल ठिपके विटले. मागच्या सुट्टीत मी रंग आणि दोन नंबरचा ब्रश घेऊन गेलो आणि गोठ्यासमोर स्टूल टाकून बसलो. इतक्या जवळून मला चेहरा दिसत नाही, कुठल्याच ठिपक्यावरून पुढचा ठरवता येत नाही. दर वेळी उठून ओसरीपर्यंत जायला आता माझे गुडघे तयार नसतात. म्हातारी बाजेवरून बघत होत्या.

"डाव्या गालाला अजून लाल घाला," त्या तिकडून म्हणाल्या.

मी घातला. विचारलं, जमलं का?

"अजून दोन. आन् खाली जरा निळं टाका, तितं सावली पडतीया त्याच्या."

मी ब्रश धुतला आणि निळा घेतला.